नोकरीची जाहिरात ऑफिसात कशी पोचली, आणि आता ब्राउझर कुठला घ्यावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. रात्री घरच्या लॅपटॉपवर तुम्ही नोकरीची शोधाशोध केलीत, दोन पोर्टलवर बायोडेटा चढवलात. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये एक अक्षर दाबलं आणि खाली त्याच पोर्टलचं नाव आलं. दुपारी बातम्यांचं पान उघडलं तर बाजूला त्याच पोर्टलची जाहिरात, आणि ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पाहिली. मग एकाने सांगितलं ब्रेव्ह घे, दुसऱ्याने टॉर, तिसरा म्हणाला इनकॉग्निटो (क्रोमची खासगी खिडकी) वापर की झालं. म्हणून तुम्ही विचारलंत, प्रायव्हसीसाठी सगळ्यात चांगला ब्राउझर कुठला?

मी गेली १९ वर्षं सांगली-मिरज-कोल्हापूर भागात सीएंची ऑफिसं, दवाखाने आणि पतसंस्था यांचे कॉम्प्युटर बसवतो आणि सांभाळतो. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट शोधावी लागते: गळती नेमकी कुठे आहे? छपराला गळती असताना नळ बदलून उपयोग नसतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी बाहेर आल्या, आणि नुसता ब्राउझर बदलणं हा त्यावरचा पुरा इलाज नाही.

पहिली, ॲड्रेस बारमधलं नाव. हे जवळजवळ नक्की क्रोमचं सिंक आहे. घरी आणि ऑफिसात तुम्ही एकाच गूगल अकाउंटने लॉगिन आहात, आणि सिंक चालू असलं की एका मशीनवरची हिस्टरी दुसऱ्या मशीनवर आपोआप येते. बऱ्याच जणांना आठवतसुद्धा नाही की आपण सिंक कधी चालू केलं. २०१८च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या क्रोमच्या ६९व्या आवृत्तीपासून जीमेल उघडायला पासवर्ड टाकला की ब्राउझरही त्याच अकाउंटने साइन इन होऊ लागला. त्यानंतर एक निळं बटण समोर येतं, घाईत आपण ‘हो’ म्हणतो, आणि दोन मशीन जोडली जातात. ऑफिसच्या क्रोममध्ये उजवीकडे वरच्या गोल फोटोवर क्लिक करा. तिथे तुमचा वैयक्तिक जीमेल दिसत असेल आणि सिंक चालू असेल, तर गळती सापडली. सिंक बंद करा, त्या मशीनवरची हिस्टरी पुसा आणि वैयक्तिक अकाउंट तिथून काढून टाका. क्रम महत्त्वाचा आहे. सिंक चालू ठेवून हिस्टरी पुसलीत तर ती घरच्या लॅपटॉपवरूनही पुसली जाईल.

दुसरी, जाहिरात. इथे थोडं मागे जावं लागेल. कुकी ही १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली या इंजिनिअरने आणली. साइटला तुमची ओळख लक्षात राहावी, ऑनलाइन खरेदीच्या पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गेल्यावर नाहीशी होऊ नये, एवढंच तिचं काम. पण आज नोकरीच्या पोर्टलचं एक पान उघडलं तर त्यात पोर्टलच्या मजकुरासोबत जाहिरात कंपन्यांचे न दिसणारे तुकडेही असतात. तोच तुकडा बातम्यांच्या साइटवर असतो, रेसिपीच्या साइटवर असतो. प्रत्येक ठिकाणी तो आपली कुकी वाचतो आणि म्हणतो, हा मघाचाच माणूस. याला मी तिऱ्हाईत कुकी म्हणतो: तुम्ही ज्यांच्या दारात गेला नाहीत त्यांनी तुमच्या खिशात ठेवलेली चिठ्ठी. चांगला ब्राउझर नेमकं हेच अडवतो.

आता अडचण बघा. घरच्या लॅपटॉपमधली कुकी ऑफिसच्या मशीनवर उडी मारू शकत नाही. दोन मशीनना जोडणारा धागा लागतो. तो धागा एकतर तुमचं गूगल लॉगिन असतं, नाहीतर तुम्ही पोर्टलला स्वतःच्या हाताने दिलेला ईमेल पत्ता असतो. जाहिरात देणारी कंपनी आपल्या ग्राहकांच्या ईमेलची यादी जाहिरातीच्या मोठ्या व्यासपीठांना देऊ शकते. पत्ते उघडे न देता त्यांचं गणिती रूप देतात, पण तोच पत्ता व्यासपीठाकडेही असला की जुळणी होतेच. मग तुम्ही त्या पत्त्याने जिथे जिथे लॉगिन असाल तिथे तिथे जाहिरात येते. तुमच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण धागा ईमेलचा असेल तर घरी ब्रेव्ह किंवा टॉर असता म्हणून ते टळलं नसतं. नोकरी शोधायला वेगळा ईमेल पत्ता असता तर बहुधा टळलं असतं.

इनकॉग्निटोबद्दल एकदाच स्पष्ट लिहितो, कारण त्याच्या नावाने लोक फार फसतात. ती खिडकी बंद केली की त्या मशीनवर हिस्टरी आणि कुकी राहत नाहीत. घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि दुसऱ्याला दिसू नये असं काही असेल, तर तेवढ्यासाठी ती उत्तम आहे. पण साइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, दिसतोच, इंटरनेट देणाऱ्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं, ऑफिसच्या नेटवर्कला दिसतं, आणि त्या खिडकीत लॉगिन केलंत तर ती साइट तुम्हाला नावानिशी ओळखते. याच गैरसमजावरून २०२० साली अमेरिकेत गूगलवर खटला झाला. २०२४मध्ये तडजोड झाली, तेव्हा गूगलने इनकॉग्निटोतल्या वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

ऑफिसच्या मशीनचं तर वेगळंच आहे. तो कॉम्प्युटर कंपनीचा आहे. मी स्वतः ऑफिसांत फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा राखणदार, बसवतो, म्हणून सांगतो: कंपनीने ठरवलं तर त्या मशीनमध्ये आपलं सर्टिफिकेट टाकून कुलूप लावलेलं, म्हणजे एचटीटीपीएसचं पानही मध्ये उघडून पाहता येतं. माझ्याकडच्या छोट्या ऑफिसांत इतकं कुणी करत नाही, पण कुठल्या मशीनवरून कुठली साइट उघडली याची यादी बहुतेक फायरवॉल ठेवतातच. तिथे फायरफॉक्स टाका, ब्रेव्ह टाका, काही फरक नाही. नोकरीचं काम स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या मोबाइल डेटावर करा. ऑफिसचं वायफायही नको.

हे एवढं बाजूला झालं, की मग ब्राउझरचा प्रश्न खरा उरतो. घरच्या लॅपटॉपवर आणि फोनवर जाहिरात कंपन्यांनी मागे लागू नये, एवढ्यासाठी कुठला घ्यावा?

मी कुठल्याही ब्राउझरबद्दल आधी एकच विचारतो: याचं पोट कशावर भरतं? ब्राउझर बनवणं हे प्रचंड खर्चाचं काम आहे आणि आपण एक पैसा देत नाही. म्हणजे पैसा दुसरीकडून येतो, आणि जिथून येतो तिथे ब्राउझरचा हात आखडतो.

क्रोम गूगलचा, आणि गूगलची बहुतांश कमाई जाहिरातींची. त्याचा परिणाम समोर दिसतो. सफारीने २०२०च्या मार्चमध्ये तिऱ्हाईत कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९मध्ये ओळखीच्या पाळत ठेवणाऱ्यांना मूळ सेटिंगमध्येच अडवलं, आणि २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका साइटवरच्या तुकड्याला दुसऱ्या साइटवरची चिठ्ठी वाचता येत नाही. क्रोमने २०२०च्या जानेवारीत जाहीर केलं होतं की दोन वर्षांत तिऱ्हाईत कुकी काढू. मग तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये गूगलने सांगितलं की आहे तसंच राहील. त्यात २०२५च्या मध्यापर्यंत जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) क्रोममधून बंद झाली आणि युब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा सगळ्यात ताकदीचा ब्लॉकर तिथे चालेनासा झाला. त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, ती बरी आहे, पण मूळची सर नाही.

तरीही क्रोमला मी वाईट म्हणणार नाही. प्रायव्हसी आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायरसपासून, खोट्या पानांपासून, ब्राउझरमधल्या भोकांपासून संरक्षण करण्यात क्रोम उत्तम आहे आणि त्याची दुरुस्ती फार लवकर येते. वर्षभर अपडेट न केलेला ‘प्रायव्हसीवाला’ ब्राउझर वापरण्यापेक्षा अपडेट केलेला क्रोम केव्हाही बरा. आमच्याकडे अजून काही ऑफिसांत विंडोज ७ची मशीन आहेत. क्रोमने त्यांना २०२३च्या सुरुवातीला सोडलं. तिथे मी ब्राउझरची चर्चा करतच नाही, आधी मशीन बदला म्हणतो.

फायरफॉक्स मोझिला या संस्थेचा. तो स्वतःच्या इंजिनवर, म्हणजे पान उघडून दाखवणाऱ्या स्वतःच्या गाभ्यावर, चालतो. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत, त्यामुळे त्या पायात गूगलने बदल केला की सगळ्यांना तो निस्तरावा लागतो. मला फायरफॉक्स टिकावा असं मनापासून वाटतं, आणि त्यामागे हे मोठं कारण आहे. पण त्याचं पोट कशावर भरतं? मुख्यतः गूगलवर. फायरफॉक्समध्ये गूगल सर्च आपोआप निवडलेलं असतं, त्याचे पैसे मोझिलाला मिळतात. म्हणून सर्च इंजिन मी बसवतानाच बदलून देतो. २०२४च्या जुलैमध्ये फायरफॉक्सने जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक सोय न विचारता चालू करून दिली होती, आणि २०२५च्या फेब्रुवारीत आपल्या अटी बदलताना ‘आम्ही तुमची माहिती कधीही विकणार नाही’ अशा अर्थाचं जुनं वाक्य काढलं. मोझिलाचं म्हणणं होतं की काही ठिकाणच्या कायद्यांत ‘विक्री’ची व्याख्या फार रुंद आहे. लोकांचा राग मला समजतो, मलाही ते आवडलं नाही. पण त्या वाक्यासाठी फायरफॉक्स टाकून क्रोमवर जाणं मला पटत नाही.

ब्रेव्ह २०१५ साली ब्रेंडन आइक आणि ब्रायन बाँडी यांनी सुरू केलेल्या कंपनीचा. आइक म्हणजे जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा बनवणारा आणि मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक. ब्रेव्हची खरी ताकद ही की काहीही सेटिंग न करता, बसवल्याबरोबर तो जाहिराती आणि पाळत अडवतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले डग्लस लीथ यांनी २०२०मध्ये सहा ब्राउझर मूळ सेटिंगवर चालवून ते आपापल्या कंपनीला काय कळवतात हे तपासलं होतं. त्यात ब्रेव्ह सगळ्यात कमी बोलणारा निघाला. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी मधल्या गटात, आणि मायक्रोसॉफ्टचा एज व रशियाचा यांडेक्स सगळ्यात मागे. अर्थात ते मूळ सेटिंगचं आणि त्या वर्षाचं चित्र आहे. त्याच २०२०मध्ये उघड झालं की क्रिप्टोच्या एका साइटचा पत्ता टाइप केला की ब्रेव्ह स्वतःचा दलालीचा कोड त्याला जोडत होता. ओरड झाल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि ते काढलं. अजूनही त्यात नाणी, वॉलेट, बक्षिसं अशी गर्दी आहे. ती मी बंद करून देतो.

सफारीला ॲपलचं पाठबळ, आणि आयफोन असेल तर तो पुरेसा चांगला आहे. पण तिथेही गूगलचा पैसा आहेच: सफारीत सर्चची पहिली जागा मिळावी म्हणून गूगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये २०२२ साली एका संशोधकाला दिसलं की मायक्रोसॉफ्टचे काही पाळतीचे तुकडे करारामुळे अडवले जात नव्हते. काही महिन्यांत त्यांनी ते बहुतांशी दुरुस्त केलं. मी हे उकरून काढतोय ते कुणाला नावं ठेवायला नाही. निष्कलंक ब्राउझर शोधत बसलात तर आयुष्य जाईल, एवढंच सांगायचं आहे. चूक झाल्यावर ती किती लवकर मान्य केली आणि सेटिंग तुमच्या हातात ठेवलं की नाही, हे मी बघतो.

एक जुनी सवय मात्र मोडा म्हणतो. आपल्याकडे डेटा वाचवायला ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर घरोघरी होते. ऑपेरा मिनी जास्त बचतीच्या मोडमध्ये पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडतो आणि आकसून तुमच्याकडे पाठवतो, म्हणजे मध्ये तिसरा माणूस पत्र वाचून पुढे देतो. नेट महाग होतं तेव्हा त्याला अर्थ होता. यूसीवर भारतात २०२०च्या जूनमध्ये ५९ ॲपच्या बंदीत बंदी आली, तरी काही जुन्या फोनमध्ये तो मला आजही सापडतो. दिसला की काढून टाका.

टॉरबद्दल. टॉर ब्राउझर फायरफॉक्सवरच बनलेला आहे आणि तुमचं प्रत्येक पान जगातल्या तीन वेगवेगळ्या स्वयंसेवी सर्व्हरमधून फिरवून आणतो, त्यामुळे साइटला तुम्ही कुठून आलात हे कळत नाही. पत्रकाराला, भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला, छळ होत असलेल्या बाईला तो आधार आहे, आणि त्यांनी तो जरूर वापरावा. पण नोकरीच्या पोर्टलवर टॉरमधून जाऊन स्वतःचं नाव, फोन आणि बायोडेटा भरला तर तीन सर्व्हर फिरून काय मिळवलं? शिवाय बँका टॉरला बऱ्याचदा संशयाने अडवतात. तुमच्या गरजेला ते औषध नाही.

आता एक गोष्ट, जी मराठी माणसांना थोडी जास्त लागू पडते. कुकी बंद केल्या तरी साइट तुमच्या ब्राउझरचा ठसा घेऊ शकते: स्क्रीनचा आकार, टाइम झोन, ग्राफिक्स कार्ड, भाषा, बसवलेले फॉन्ट. एकेक गोष्ट लाखो लोकांची सारखी असते, पण सगळ्या एकत्र केल्या की फार थोडे उरतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१०मध्ये लोकांचे ब्राउझर तपासले, तेव्हा सुमारे ८४ टक्के ब्राउझर एकमेव निघाले. आपल्याकडे छपाईचं किंवा टायपिंगचं काम करणाऱ्यांच्या मशीनमध्ये श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे डझनभर फॉन्ट असतात. तो संच जगात कितीजणांकडे असेल? ब्राउझरची पहिली भाषा मराठी ठेवलेले लोक कितीसे असतील? मिरजेत एका डीटीपीवाल्याच्या मशीनवर मी फाउंडेशनची ती चाचणी चालवून दाखवली होती. ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या नावाने ती आजही फुकट करता येते. त्याचा ठसा एकमेव आला. त्याने लगेच विचारलं, मराठी काढून टाकू का? मी म्हटलं, अजिबात नको. आपल्या भाषेत ब्राउझर वापरायचा नाही, ही प्रायव्हसीची किंमत मला मान्य नाही. त्यापेक्षा ठसा झाकणारा ब्राउझर घ्या. फायरफॉक्सच्या प्रायव्हेट विंडोत २०२३पासून साइटला फक्त सिस्टीमसोबत आलेले आणि भाषेच्या पॅकमधले फॉन्ट दिसतात, तुम्ही स्वतः टाकलेले दिसत नाहीत. ब्रेव्ह ठशातल्या काही गोष्टी प्रत्येक साइटला थोड्या बदलून सांगतो, आणि टॉर सगळ्यांना एकसारखं दाखवायचा प्रयत्न करतो.

एक्स्टेन्शनबद्दल मी कडक आहे, आणि त्यामागे अनुभव आहे. एका दवाखान्याच्या रिसेप्शनवरचा कॉम्प्युटर अचानक हळू चालायला लागला, काहीही शोधलं की भलतंच सर्च इंजिन उघडायचं. बघितलं तर कुणीतरी पीडीएफ जोडायचं फुकट एक्स्टेन्शन टाकलं होतं, आणि त्याला ‘सर्व साइटवरची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी दिलेली. त्या मशीनवर पेशंटचे रिपोर्ट उघडत होते. काय बाहेर गेलं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि डॉक्टरांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं. नाव मोठं असलं तरी भरवसा नसतो. अव्हास्ट या अँटिव्हायरसची ब्राउझर एक्स्टेन्शन लोकांची हिस्टरी गोळा करत होती आणि त्यांची जंपशॉट नावाची कंपनी ती विकत होती. २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून माझा नियम: युब्लॉक ओरिजिन आणि हवा असेल तर पासवर्ड मॅनेजर, तिसरं एक्स्टेन्शन टाकायचं तर मला कारण सांगा. टाकताना नाव नीट वाचा. नुसतं ‘युब्लॉक’ वेगळं आहे, त्यापुढे ‘ओरिजिन’ हवं आणि बनवणारा रेमंड हिल हवा.

मग तुम्ही काय करावं? मी बहुतेकांना देतो ती मांडणी अशी. घरच्या लॅपटॉपवर दोन ब्राउझर. फायरफॉक्स रोजचा, त्यात युब्लॉक ओरिजिन, ट्रॅकिंग प्रोटेक्शन ‘स्ट्रिक्ट’वर, नवीन टॅबवरच्या प्रायोजित गोष्टी बंद, मोझिलाला वापराची माहिती पाठवणं बंद. क्रोम ठेवायचा तो फक्त बँक, कर आणि सरकारी पोर्टल यांच्यासाठी, आणि त्यात गूगलचं लॉगिन नाही, सिंक नाही. डिजिटल सहीचा टोकन लावून करायची कामं, एखाद्या जुन्या सरकारी साइटचा हट्टीपणा, हे सगळं क्रोममध्ये उरकायचं आणि तो बंद करायचा. सेटिंगला हात लावायचा कंटाळा असेल, किंवा आईवडिलांच्या मशीनवर बसवायचं असेल, तर मी फायरफॉक्सऐवजी ब्रेव्ह देतो. तिथे मूळ सेटिंग हेच चांगलं सेटिंग आहे.

याने एक त्रास होतो, तो आधीच सांगतो, कारण त्या त्रासामुळेच लोक आठ दिवसांत परत जुन्या ब्राउझरवर जातात. एखाद्या दिवशी पैसे भरताना ओटीपीचं पान कोरं राहील किंवा गोल फिरत बसेल. पेमेंटची पानं दुसऱ्या कंपनीची असतात आणि कडक सेटिंग कधीकधी त्यांनाही अडवतं. अशा वेळी ॲड्रेस बारमधल्या ढालीच्या चिन्हावर क्लिक करून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करा आणि पान पुन्हा उघडा. तरी नाही झालं तर ते काम क्रोममध्ये. पण पैसे कापले गेले का हे बँकेच्या मेसेजमध्ये आधी बघा, मगच दुसऱ्यांदा भरा.

फोनवर गणित थोडं वेगळं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही, फायरफॉक्समध्ये येतं, आणि युब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण चालतो. आयफोनवर आपल्याकडे सगळे ब्राउझर आतून सफारीचंच इंजिन वापरतात, म्हणून तिथे नाव बदलून फारसं साधत नाही. अँड्रॉइडमध्ये आणखी एक काम करा: सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती, तिथे जाहिरात आयडी हटवण्याचा पर्याय आहे. बरीचशी पाळत ब्राउझरमधून होतच नाही, ती ॲपमधून होते, आणि ती या आयडीवर चालते. नोकरीच्या पोर्टलचं ॲप टाकलं असेल तर काढा आणि साइट ब्राउझरमध्येच उघडा.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या सेवेबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा सल्ला तोच येणार. तुमच्या प्रश्नाला तो लागू नाही. व्हीपीएन आयपी पत्ता झाकतो, लॉगिन झाकत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या एप्रिलमधल्या निर्देशांनुसार भारतात व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं आणि माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. त्यावरून काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. फुकट व्हीपीएनला तर मी पहिला तोच प्रश्न विचारेन, याचं पोट कशावर भरतं?

म्हणजे कामाचा क्रम असा: आधी ऑफिसच्या मशीनवरून वैयक्तिक अकाउंट, मग नोकरीसाठी नवा ईमेल, आणि ब्राउझर तिसऱ्या नंबरला. तो शनिवारी निवांत बसून टाकलात तरी चालेल.

आणि शनिवारपर्यंत थांबू नये असं एक काम आहे. जाहिरात सहकाऱ्याने पाहिली याची तुम्हाला काळजी वाटते, पण तुमच्या कंपनीचा एचआर विभाग माणसं शोधायला कदाचित तीच पोर्टल वापरत असेल, आणि तिथे तुमचा बायोडेटा नावासकट समोर येऊ शकतो. काही पोर्टलवर ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल दिसू नये अशी सोय प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये असते. आज रात्रीच दोन्ही पोर्टल उघडा, तिथे सध्याच्या कंपनीचं नाव टाका, समूहात आणखी कंपन्या असतील तर त्यांचीही टाका. अशी सोय ज्या पोर्टलवर नसेल, तिथलं प्रोफाइल शोधातून लपवा आणि फक्त तुम्ही स्वतः अर्ज कराल तिथेच बायोडेटा जाऊ द्या.